फायटिंग गेमवरच्या चित्रपटाने निराशा केली, तर परीक्षण कसे लिहावे

१९९४ मध्ये ‘स्ट्रीट फायटर’ पडद्यावर आला, तेव्हापासून फायटिंग गेमच्या, म्हणजे दोन योद्ध्यांच्या समोरासमोरच्या लढतींवर चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या, चाहत्यांना निराश होण्याचा चांगलाच सराव झाला आहे. १९९७ चा ‘मॉर्टल कॉम्बॅट: अ‍ॅनायलेशन’, २००९ चा ‘स्ट्रीट फायटर: द लेजंड ऑफ चुन-ली’, २०१० चे ‘टेकन’ आणि ‘द किंग ऑफ फायटर्स’, अशी ही यादी लांबत गेली आणि प्रत्येक वेळी चाहत्यांनी जवळजवळ एकच वाक्य लिहिले: ‘गेमची पार वाट लावली.’ हे वाक्य प्रामाणिक असते, यात शंका नाही; पण ज्याने गेम खेळलेला नाही त्याला त्यातून काही कळत नाही आणि ज्याने खेळलेला आहे त्याला ते आधीच ठाऊक असते. हा राग न खेळलेल्या वाचकालाही पटेल अशा परीक्षणात कसा उतरवावा, हे पुढे सांगितले आहे. उदाहरणासाठी मुख्यतः ‘टेकन’ घेतला आहे, कारण आपल्याकडे या गेमचे चाहते पुष्कळ आहेत आणि चित्रपटातले दोषही बोट ठेवून दाखवता येतील इतके स्पष्ट आहेत.

लिहायला बसण्यापूर्वी आपण नेमका कोणता गेम मनात धरून चित्रपट पाहिला, हे एका ओळीत लिहून ठेवावे. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये किंवा सायबर कॅफेत ‘टेकन ३’ खेळला, त्यांच्यापैकी अनेकांच्या डोक्यात एडी गोर्डो या पात्राच्या लाथा आणि जिन या पात्राचे ठोसे पक्के बसलेले असतात, पण गेमच्या केंद्रस्थानी असलेल्या मिशिमा घराण्याची कथा अर्धवटच पोहोचलेली असते; मागे रांग लावून उभी असलेली मुले कुणाला शेवटची चित्रफीत शांतपणे पाहू देत नसत. १९९७ मध्ये आर्केडमध्ये आलेला हा तिसरा भाग म्हणजे संपूर्ण मालिका नव्हे. क्रिस्टी मोंटेरो आणि स्टीव्ह फॉक्स ही पात्रे चौथ्या भागात आली, रेव्हन पाचव्यात आला, आणि चित्रपटाने या सर्वांना एकाच आखाड्यात उभे केले. म्हणून ‘हे गेममध्ये नव्हतेच’ असे ठोकून देण्याआधी आपण न खेळलेल्या भागांत ते होते का, हे तपासून घ्यावे. एवढी एक चूक राहिली, तरी जाणकार वाचक उरलेल्या परीक्षणावरही विश्वास ठेवत नाही.

यानंतर फायटिंग गेमच्या रचनेचा विचार करावा, कारण चित्रपटकर्त्याची खरी अडचण तिथेच असते. साहसकथेच्या गेमला एक नायक आणि एक प्रवास असतो. फायटिंग गेममध्ये मात्र वीस-वीस पात्रे असतात, आपण ज्याला निवडू तो नायक ठरतो, प्रत्येकाचा शेवट वेगळा असतो आणि हे शेवट एकमेकांशी जुळतीलच असे नाही. सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे स्पर्धा. त्यामुळे सुमारे दीड तासाच्या चित्रपटात कुणाला तरी वगळणे, कुणाला तरी एकत्र करणे आणि एकालाच मध्यभागी ठेवणे हे अटळ आहे. ‘कथा बदलली’ ही तक्रार म्हणूनच दुबळी ठरते, कारण कथा बदलणारच होती. बदलामुळे कोणते नाते तुटले आणि ते तुटल्यामुळे कोणता प्रसंग पोकळ झाला, हे दाखवता आले, तरच तक्रारीत जोर येतो.

‘टेकन’मध्ये हे नेमके कुठे झाले, ते पाहू. गेममध्ये हेहाची मिशिमा आपल्या लहान मुलाला, काझुयाला, कड्यावरून खाली फेकतो. काझुया वाचतो, मोठा होऊन परततो, स्पर्धा जिंकतो आणि बापाला कड्यावरून फेकून देतो. पुढे बाप मुलाला ज्वालामुखीत टाकतो. काझुयाचा मुलगा जिन याच आजोबांकडे युद्धकला शिकतो, आणि काम झाल्यावर हेहाची त्याच नातवावर गोळी झाडतो. कथा भडक आहे, तर्काच्या कसोटीवर ती टिकत नाही, पण तिचा कणा मजबूत आहे: या घराण्यात जो वाढवतो तोच मारायला उठतो. चित्रपटात जिन आजोबांच्या हाताखाली वाढतच नाही. २०३९ सालच्या, कंपन्यांच्या ताब्यात गेलेल्या जगात तो बाहेरच्या वस्तीत आईसोबत राहतो. आई मारली जाते आणि तो सूड घेण्यासाठी स्पर्धेत उतरतो. हेहाची त्याच्यासाठी एका जुलमी कंपनीचा मालक असतो, आणि काझुया आपला बाप आहे हे त्याला बरेच उशिरा कळते. परिणामी जेव्हा नाते उघड होते, तेव्हा त्या उघड होण्यात धक्का नसतो, कारण मोडायला आधी विश्वासच नव्हता. रक्तातून उतरणारी राक्षसी शक्ती गाळली, याबद्दल चाहते अधिक बोलतात; माझ्या मते ती गाळणे क्षम्य होते. आजोबा आणि नातू यांच्यातली गुरुशिष्याची वर्षे गाळणे नव्हते.

परीक्षणात अशी एकच मोठी तूट निवडावी आणि तिच्यावर दोन-तीन परिच्छेद खर्च करावेत. बाकीच्या बारीक तक्रारी तिच्या मागे उभ्या कराव्यात. गेममध्ये क्रिस्टी ही एडीकडून कॅपोएरा ही ब्राझीलची युद्धकला शिकलेली मुलगी आहे. चित्रपटाने त्या नात्याचा काहीच उपयोग न करता तिला जिनची प्रेमिका केले. हा मुद्दा एकटा लिहिला तर किरकोळ वाटेल. मात्र ‘या चित्रपटाने शिकवणारा आणि शिकणारा यांची प्रत्येक जोडी तोडली’ या विधानाखाली तो आला, तर पुरावा ठरतो.

निष्ठा म्हणजे नेमके काय, हे ठरवताना तुलना उपयोगी पडते आणि तिच्यासाठी ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारखी सोय दुसरीकडे नाही. १९९२ चा हा गेम रक्तपातामुळे गाजला. अमेरिकेत १९९४ मध्ये गेमसाठी वयानुसार वर्गीकरणाची पद्धत सुरू झाली, त्यामागे जी प्रकरणे होती त्यांत हा गेम प्रमुख होता. तरीही १९९५ च्या चित्रपटात दिग्दर्शक पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांनी रक्त जवळजवळ काढून टाकले, जेणेकरून किशोरवयीन मुलांना तो पाहता यावा. स्पर्धा मात्र त्यांनी जशीच्या तशी ठेवली: तीन योद्धे, एक बेट, लढतींमागून लढती आणि शेवटी खलनायक शांग त्सुंग. चाहत्यांनी तो स्वीकारला, आजही आवडीने पाहतात. २०२१ च्या चित्रपटाने याच्या उलट केले. रक्त परत आणले, गेममधले अंतिम घाव हुबेहूब दाखवले, पण ज्या स्पर्धेसाठी सगळा खटाटोप चालला होता ती स्पर्धाच झाली नाही, आणि मध्यभागी कोल यंग नावाचे असे पात्र ठेवले की जे तोपर्यंत कोणत्याही गेममध्ये नव्हते. दोन्ही चित्रपटांनी गेममधले काहीतरी टाकले. एकाने सजावट टाकली, दुसऱ्याने चौकट. परीक्षण लिहिताना हा भेद करावा, आणि तो करताना २०२१ च्या चित्रपटाच्या आरंभीच्या भागाचे, म्हणजे १६१७ च्या जपानमधल्या हान्झो हसाशी आणि बी-हान या दोन योद्ध्यांच्या संघर्षाचे, मोकळेपणाने कौतुक करावे. तिथे संवाद थोडे आहेत, वैर समजते आणि हिरोयुकी सनाडा व जो तस्लीम यांच्या हालचालींत वजन आहे. चांगल्याला चांगले म्हटले की वाईटाबद्दलचे म्हणणे अधिक गंभीरपणे घेतले जाते.

आता लढतींकडे येऊ, कारण फायटिंग गेमवरच्या चित्रपटाचे परीक्षण लढतींबद्दल चार ओळी लिहून संपते, हा प्रकार मला नेहमी खटकत आला आहे. गेममध्ये कॅमेरा बाजूला असतो आणि दोन्ही खेळाडू डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसतात. लाथ कुठून निघाली, किती अंतर कापले, समोरच्याने ती कशी अडवली, हे सगळे एका चौकटीत घडते, आणि खेळणाऱ्याची सगळी अक्कल त्या अंतरावरच चालते. चित्रपट हे अंतर तोडतो. ठोसा एका दृश्यात, चेहरा दुसऱ्यात, पडणारे शरीर तिसऱ्यात. म्हणून एक लढत निवडून ती आवाज बंद करून पुन्हा पाहावी आणि तीन गोष्टी टिपाव्यात: किती सेकंदांनी दृश्य तुटते, दोन्ही शरीरे पूर्ण किती वेळा दिसतात, आणि नावे झाकली तर केवळ हालचालींवरून पात्र ओळखता येते का. तिसरी कसोटी सर्वांत कडक आहे. ‘टेकन’ गेममध्ये मार्शल लॉ आणि ब्रायन फ्युरी या पात्रांच्या सावल्या जरी पाहिल्या, तरी खेळाडू त्यांना ओळखतो. पडद्यावर सगळे एकाच तऱ्हेने मारत असतील, तर पात्रांचे पोशाख कितीही अचूक असले तरी रूपांतर फसले, असे निःशंकपणे लिहावे.

येथे दोष कुणाला द्यायचा, हे जपून ठरवावे. ‘टेकन’मध्ये जिनच्या भूमिकेत जॉन फू, लॉच्या भूमिकेत कंग ले, ब्रायनच्या भूमिकेत गॅरी डॅनियल्स आणि एडीच्या भूमिकेत लतीफ क्राउडर होते. हे सगळे खरोखर लढू जाणणारे लोक. एडी गोर्डो म्हणजे ज्याला खेळता येत नाही त्यानेही बटणे बडवावीत आणि जिंकावे असे पात्र, आणि त्यासाठी कॅपोएरा मुरलेला माणूस हाताशी असताना त्याला पडद्यावर अगदी थोडा वेळ मिळावा, यात त्या कलाकाराचा काय दोष? तो निर्णय पटकथेचा आणि संकलनाचा. नटांना व्यक्तिशः संदेश पाठवून शिव्या देणारा चाहता चुकीच्या दारावर थाप मारत असतो.

गेम बनवणाऱ्यांनाही सरसकट धारेवर धरू नये. टेकन मालिकेची धुरा दीर्घकाळ सांभाळलेले कात्सुहिरो हारादा यांनी या चित्रपटावर जाहीरपणे कठोर टीका केली होती आणि त्याच्यावर देखरेख ठेवण्याची संधी आपल्या चमूला मिळाली नाही, करारच तसा होता, असे सांगितले होते. चित्रपटाचे हक्क विकले जातात, तेव्हा पात्राला जन्म देणाऱ्याच्या हाती काही उरेलच असे नाही, ही गोष्ट परीक्षणात एका वाक्यात आली, तरी वाचकाला व्यवहार समजतो. उलट अंगाने, वाईट चित्रपटातला चांगला अभिनय वेगळा काढून दाखवावा. १९९४ च्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये र्‍यू आणि केन या गेमच्या मुख्य योद्ध्यांना भुरट्या ठगांच्या पातळीवर आणले आणि गाईल या दुसऱ्या पात्राला नायक केले, हे चाहत्यांना आजही सलते, पण त्याच चित्रपटात राऊल जुलिया यांनी साकारलेला बायसन त्यांच्या अखेरच्या भूमिकांपैकी एक होता आणि तो त्यांनी असा रंगवला की चित्रपट विसरला तरी तो खलनायक लोकांच्या लक्षात राहिला.

मूळ गेमशी निष्ठा म्हणजे गुणवत्ता असे समीकरणही भारतीय वाचकासाठी लिहिताना मांडू नये. ‘स्ट्रीट फायटर’मधले धालसिम हे भारतीय योग्याचे पात्र घ्यावे. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, रबरासारखे लांबणारे हातपाय: योग्याची ही प्रतिमा जपानी गेमने १९९१ मध्येच रंगवली होती. १९९४ च्या चित्रपटाने त्याला शास्त्रज्ञ केले आणि रोशन सेठ यांना ती भूमिका दिली. चाहता म्हणून मला लांबणारे हात हवे होते. पण कवट्यांची माळ गेली याचे दुःख करण्याचे मला कारण दिसत नाही. नव्या ‘स्ट्रीट फायटर’ चित्रपटासाठी याच भूमिकेत विद्युत जामवाल यांची निवड जाहीर झाली आहे. कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला शिकलेल्या नटाकडून आपल्याला काय अपेक्षित आहे, हे ज्यांना परीक्षण लिहायचे आहे त्यांनी चित्रपट पाहण्याआधीच कागदावर उतरवून ठेवावे, म्हणजे नंतर अपेक्षा सोयीस्करपणे बदलता येत नाहीत.

ट्रेलर आल्यावर बोलायचे असेल, तर एकच ठोस गोष्ट पकडावी. २०१९ मध्ये ‘सॉनिक’ या गेमवरच्या चित्रपटाच्या पहिल्या ट्रेलरवर टीका झाली ती मुख्यतः सॉनिक या पात्राचे दात, डोळे आणि शरीराची ठेवण यांवर. निर्मात्यांनी पात्राचे रूप नव्याने घडवले आणि प्रदर्शन फेब्रुवारी २०२० पर्यंत पुढे ढकलले. तो फायटिंग गेम नव्हे, आणि संगणकाने रेखाटलेले पात्र बदलणे पटकथा बदलण्याहून सोपे, हे खरे. तरीही काय बदलावे हे सांगणारी टीका बदलाला कारण ठरली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भाषेबद्दल थोडे. ‘बालपण उद्ध्वस्त केले’ हे वाक्य आता इतके झिजले आहे की ते वाचकाच्या डोळ्यांवरून घसरते. त्याऐवजी ‘हेहाचीने जिनला घडवलेलेच नाही, त्यामुळे शेवटी दोघे समोरासमोर येतात तेव्हा दोन अनोळखी माणसे भेटल्यासारखी वाटतात’ असे लिहावे. पहिल्या परिच्छेदात गेमची ओळख चार वाक्यांत द्यावी, पात्रांची वंशावळ देऊ नये. शेवट उघड करायचा असेल, तर तशी सूचना आधी द्यावी.

आणि वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. ‘टेकन’ने निराश झालेल्यास २०२२ ची ‘टेकन: ब्लडलाइन’ ही ॲनिमेशन मालिका सुचवता येईल, जिच्यात जिनचे आजोबांकडचे शिक्षण सविस्तर येते. र्‍यू आणि केन यांची मैत्री ज्यांना पडद्यावर पाहायची आहे, त्यांना १९९४ चाच ‘स्ट्रीट फायटर २’चा जपानी ॲनिमेशनपट किंवा जोई आन्सा यांची २०१४ ची ‘असॅसिन्स फिस्ट’ ही वेब मालिका सुचवावी. यांतले जे स्वतः पाहिले असेल तेवढेच सुचवावे.