चर्चच्या जुन्या वहीत पणजोबा शोधताय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे आडनावाच्या मागे लागणं. वांद्र्यापासून वसईपर्यंत डिसोझा, फर्नांडिस गल्लोगल्ली सापडतात. ही आडनावं बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली, त्यामुळे आडनाव एक म्हणजे भाऊबंद, असं नाही. पाखाडी, म्हणजे गावातली वाडी, कोणती, आईचं नाव काय आणि धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणारा, कोण, हे जुळवा. धर्मपिता बरेचदा मामा नाहीतर काका निघतो. आणि ‘रोइझ’ वाचून नवं घराणं शोधायला जाऊ नका, ते रॉड्रिग्जच, लिहिणाऱ्याने आखडून लिहिलेलं.

मी आपटलो ते तारखेवर. लग्न जानेवारीतलं, मुलाच्या बाप्तिस्म्यापुढे आठचा आकडा आणि ‘ब्रो’. मी ऑगस्ट धरला. मावशी म्हणाली, “सात महिन्यांत? आपल्यात असलं नाही व्हायचं, हे दुसरं कोणीतरी.” ते घर मी सोडून दिलं, चार महिने वाया गेले. जुन्या रोमन कालगणनेत वर्ष मार्चला सुरू व्हायचं, म्हणून पोर्तुगीज नोंदींत ‘ब्रो’ या महिन्याच्या शेपटाआधी सातचा आकडा म्हणजे सप्टेंबर, आठचा ऑक्टोबर, नऊचा नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. मावशीच्या घराण्याची अब्रू वाचली! शिवाय बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे.

“आमच्याकडे नोंद नाही” ऐकून परत फिरू नका. तुमचं चर्च मागाहून झालं असेल तर जुन्या वह्या मूळ चर्चमध्ये असतात. मुंबईत पाद्रोआदो (पोर्तुगालच्या आश्रयाखालची चर्च) आणि प्रोपागांडा (थेट रोमच्या हाताखालची) ही दोन अधिकारक्षेत्रं १९२८ पर्यंत शेजारी शेजारी होती. एकाच गावठाणातली दोन घरं दोन चर्चच्या वहीत सापडू शकतात. लग्न नवऱ्याच्या गावी मिळालं नाही तर आजीच्या माहेरच्या चर्चमध्ये विचारा. बाप्तिस्म्याच्या नोंदीचा समासही वाचा: १९०८ पासून लग्न झालं की त्याची नोंद तिथे करायचा नियम झाला, म्हणून कधीकधी दुसऱ्या गावाचा पत्ता तिथेच लागतो.

१७३९ च्या मागे जायची आशा फार धरू नका. मराठ्यांनी वसई-साष्टी घेतली त्या धामधुमीत बरीच चर्च ओस पडली.

आणि हो, रविवारी मिस्सानंतर ऑफिसात धडकू नका. आधी फादरांना चिठ्ठी द्या, आठवड्यातल्या शांत दिवशी भिंग घेऊन जा, फोटो विचारूनच काढा. कागद इतका पिचलेला असतो की पान उलटतानाच कोपरा हातात येतो.