फाल्मथची चूक टाळून जुन्या ठाण्याची पायी सहल कशी आखावी

सहलीचा नकाशा काढण्याआधी जमैकातलं फाल्मथ समजून घ्या. १७६९ साली वसलेलं हे बंदर साखर आणि रमवर गबर झालं. मळ्यांत राबणारे हात गुलामांचे होते. सरळ आखलेले रस्ते, जॉर्जियन म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्रजी घाटाच्या इमारती आणि १७९९ पासून नळाचं पाणी असा थाट. १८३८ मध्ये गुलामगिरी पुरती संपली, साखरेचा धंदा बसला, मोठ्या आगबोटींना बंदर अपुरं पडलं. पुढे जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसाही गावात खेळेना, म्हणूनच ती टिकली. वारसा बऱ्याचदा असाच वाचतो, कुणाच्या दूरदृष्टीने नव्हे.

२०११ मध्ये तिथे क्रूझ जहाजांसाठी धक्का सुरू झाला. मोठ्या जहाजातून पाच-सहा हजार माणसं येतात. पण कुंपणाच्या आतच दुकानं आणि दाराशी बस उभी: डन्स रिव्हरचा धबधबा बघायला, नाहीतर मार्था ब्रे नदीत बांबूच्या तराफ्यावर बसायला. दिवस मावळण्याच्या सुमारास जहाज निघतं. बाजार चालत जाण्याच्या अंतरावर, तरी पाहुणे फिरकत नाहीत, ही तिथल्या विक्रेत्यांची जुनी तक्रार.

ठाण्यात तसं कुंपण नाही, पण एसी बसने चार ठिकाणं दाखवून माणसं परत नेली की परिणाम तोच. म्हणून सुरुवात ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, पायीच करा. बोरीबंदरहून पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ३४ किलोमीटर धावून इथेच आली. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. मग जांभळी नाका, कौपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव, तलावाजवळचं सेंट जॉन चर्च, शेवटी किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. १९ एप्रिल १९१० रोजी जॅक्सन वधाच्या खटल्यातले क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना इथेच फाशी झाली. किल्ला बाहेरूनच दाखवायचा, कॅमेरे बंद ठेवून.

बाजार शेवटी ठेवू नका. शेवटी लोकांचं लक्ष लोकलच्या वेळेकडे असतं, खरेदी होत नाही. जांभळी नाक्यावर वीस मिनिटं मोकळी सोडा, तुमचं बोलणं पूर्ण बंद. सुटे पैसे आणायला आदल्या दिवशीच सांगा. ज्यांच्या टपरीपुढे थांबणार त्यांना आधी विचारा, नाहीतर पंधरा माणसं त्यांचं गिऱ्हाईक अडवून उभी राहतात आणि दुसऱ्या वेळेला शिव्या मिळतात. पंधरापेक्षा जास्त माणसं घेऊच नका. बाजारात मागच्याला ऐकू येत नाही. एक जण पुढे, एक शेपटाला. सगळं अंतर तीन किलोमीटरच्या आत, वेळ अडीच तास, सकाळी साडेसातला निघा. नाश्त्याला मामलेदार मिसळ ठरलेलीच, मात्र रविवारी गर्दी असते, तेव्हा अर्धा तास हातचा ठेवा.

खाडी याच दिवशी कोंबू नका. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो पाहायला बोट सुटते. जागा आधी राखून ठेवावी लागते. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी पाहायची. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या शनिवारची वेळ या शनिवारी लागू होत नाही. पाणी फार उतरलं की बोट चिखलात रुतते. पूर्ण भरलं की चिखलाचे पट्टे बुडतात आणि तिथे चरणारे पक्षी उठून दुसरीकडे जातात. भरती ओसरायला लागण्याच्या सुमाराची फेरी धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला चढउतार कमी. तारीख पक्की करण्याआधी कोळीवाड्यात विचारा, तिथे तिथीवरून वेळ तोंडी सांगतात.

पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे. पायी सहल मात्र पावसाळ्यात बंद ठेवा: बाजारात छत्र्या एकमेकींत अडकतात, कुणीच काही ऐकत नाही.