केगमधून गॅस लीक होतोय का, कसं शोधायचं

सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड) सिलेंडर भरून आणला आणि बघता बघता रिकामा, म्हणजे गॅस कुठूनतरी पळतोय. पण लगेच केगवर (बिअर साठवायचं स्टीलचं भांडं) आळ घेऊ नका, नवीन बिअर कार्बोनेट होताना स्वतःच सीओटू ओढून घेते आणि केग गार होत असेल तरी प्रेशर उतरतं, त्यामुळे गॅस बंद केल्यावर प्रेशरचा काटा खाली आला म्हणजे लीकच असं नाही. टेस्ट रिकाम्या केगवर करा, टेंपरेचर बदलणार नाही अशा जागी.

सगळीकडे साबणाचं पाणी मारत सुटण्यापेक्षा एकेक भाग वेगळा काढून बघा. आधी रेग्युलेटरचा शटऑफ (गॅस पुढे सोडायची तोटी) बंद, सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडून परत बंद करायचा आणि हाय प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवायची. तेवढ्याशा जागेत गॅस अगदी थोडा असतो म्हणून बारीक लीक पण पटकन दिसतं, आणि काटा पडलाच तर पहिला संशय सिलेंडर आणि रेग्युलेटरच्या मधल्या वॉशरवर. इथे ठीक असेल तर शटऑफ उघडून होजपर्यंत (गॅसची नळी) हेच करा, डिस्कनेक्ट (नळीच्या टोकाचा कनेक्टर) केगला न लावता.

मग केग. 30 पीएसआय देऊन झाकण नीट बसवा, पण टेस्ट तिथेच संपवू नका, कारण जास्त प्रेशरला झाकण आतून घट्ट दाबलं जातं आणि लीक लपतं, म्हणून पीआरव्ही (प्रेशर सोडायचा व्हॉल्व्ह) ओढून 10-12 वर आणा आणि मग साबणाच्या पाण्याचा स्प्रे मारा. झाकणाच्या कडेने, पीआरव्हीवर, दोन्ही पोस्टच्या (गॅसचा आणि बिअरचा डिस्कनेक्ट जिथे लागतो ती तोंडं) बुडाशी. बिअरवाली पोस्ट लोक हमखास विसरतात! डिस्कनेक्ट काढून पोस्टच्या मधोमध पण थेंबभर टाका, तिथे बुडबुडे आले तर पॉपेट (पोस्टमधला स्प्रिंगवाला छोटा व्हॉल्व्ह) नीट बसत नाहीये, बुडाशी आले तर बहुतेक डिप ट्यूबची (पोस्टखालून केगच्या आत जाणारी नळी) ओ-रिंग, म्हणजे रबराची रिंग. बुडबुडे कधीकधी इतके बारीक असतात की नुसता पांढरा फेस जमतो, त्यामुळे दोन मिनिटं थांबून बघा. तरी सापडलं नाही तर रिकामी केग पाण्यात बुडवा (रेग्युलेटर नाही हं).

पोस्ट खोलायच्या आधी पूर्ण प्रेशर सोडायचं, यात अजिबात घाई नको. ओ-रिंग चिरलेली किंवा चपटी झाली असेल तर बदला, नाहीतर फूड ग्रेड ल्यूब लावून परत बसवा आणि साबण धुऊन टाका.

आणि सिलेंडरमध्ये किती उरलंय ते वजन करूनच बघा, आत लिक्विड आहे तोवर, टेंपरेचर तेच असेल तर, हाय प्रेशरचा काटा जवळजवळ हलतच नाही.