घाणेरी किती काढावी, याविषयी

आक्रमक, म्हणजे बाहेरून येऊन देशी झाडांची जागा बळकावणाऱ्या, वनस्पती कोणत्या आणि त्या का काढायच्या, हे या कामात उतरणाऱ्यांना ठाऊक असतेच, म्हणून मी थेट कामाकडे वळते. पहिल्या वर्षी मी घाणेरी (लँटाना) हे असेच एक झुडूप कोयत्याने जमिनीलगत छाटले आणि पावसाळ्यात एकेका बुंध्यातून सात-आठ फुटवे आलेले पाहिले. खोड आणि मूळ जिथे जुळतात, तिथेच नव्या फुटव्यांची ताकद असते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रुळवलेल्या पद्धतीत त्या सांध्याखालची माती सारून मुख्य मूळ जमिनीखाली तोडतात आणि झुडूप उलटे, मुळे वर करून वाळू देतात. हे आठवडाभरात हाताला जमते. त्याची धास्ती घेऊ नका.

खरी चूक मी पद्धत जमल्यानंतर केली. हात बसल्याच्या उत्साहात आम्ही एका उन्हाळ्यात एक आख्खा उतार मोकळा केला. तो उघडा उतार पाहून मला फार समाधान वाटले होते, आणि तेच समाधान मला नडले. घाणेरीची दाट सावली गेल्यावर मातीत निपचित पडलेल्या बियांना एकाच वेळी ऊन, ओल आणि हललेली माती मिळाली. पहिल्या पावसानंतर घाणेरीची रोपे तर आलीच, शिवाय त्यांच्यामध्ये गाजर गवतही जमिनीला चिकटून पसरलेली पाने घेऊन जागोजाग उगवले. गाजर गवत महिना-दीड महिन्यात फुलावर येते आणि त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते, म्हणजे ते उपटायला मिळणारी मुदत दिवसांत मोजावी लागते. आम्ही चौघे होतो. उताराच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचेतो खालचे टोक फुलून पांढरे झाले होते. त्यातच घाणेरीच्या आडोशाने वाढलेली काही देशी रोपे ऊन सहन न होऊन वाळली, आणि काही तर आमच्याच पायांखाली गेली. एका आक्रमकाची जागा आम्ही स्वतःच्या हातांनी दुसऱ्याला दिली होती. म्हणून सांगते, पुढील तीन पावसाळे जितकी जागा महिन्यातून दोनदा फिरून तपासता येईल, तितकीच मोकळी करा. त्याहून एक पाऊलही जास्त नको.

सिडनीतील जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात नेमके हेच सांगितले होते: जिथे देशी झाडोरा अजून धडधाकट आहे, तिथून सुरुवात करून बिघडलेल्या भागाकडे सरकावे, माती कमीत कमी हलवावी आणि मोकळे करण्याचा वेग देशी रोपांच्या वाढीवरून ठरवावा. मला हे आधी वाचायला मिळाले होते, तरी ते मी संथपणाचे समर्थन समजून बाजूला ठेवले, याची खंत अजून जात नाही.

यंत्राने एका दिवसात सारे उखडून देण्याच्या सूचना तुम्हाला मिळतील. यंत्र माती उलथते आणि बिया जाग्या करते, त्यामुळे माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. तणनाशक जाणकाराने ताज्या कापावर लावणे वेगळे, आणि देशी रोपांवर सरसकट फवारणे वेगळे. मार्गदर्शक निवडतानाही तो किती हेक्टर साफ केल्याचे सांगतो, हे पाहू नका; जेमतेम दोन पाने फुटलेले रोप ओळखायला शिकवणाऱ्याच्या मागे जा. घाणेरीचे रोप समोरासमोरच्या खरखरीत, दातेरी पानांवरून आणि चुरगळल्यावर येणाऱ्या उग्र वासावरून ओळखता येते, पण शेजारचे देशी रोप कोणते, हे कळायला मला दोन पावसाळे लागले. तुम्हालाही तितकाच वेळ लागला तर स्वतःला मंद समजू नका.

त्या उतारावर आम्ही आता वरच्या कडेच्या जुन्या झाडांपासून दरवर्षी थोडेसेच खाली सरकतो. पक्षी पिकलेली फळे खाऊन बिया टाकतात, म्हणून झाडांखालची जागा सर्वांत आधी तपासतो आणि उरलेल्या घाणेरीला फळे धरण्याआधीच तिच्या फांद्या छाटतो.