जुन्या निवासी शाळेचा वार्षिकांक: वर्षाची नोंद कशी धरावी

वार्षिकांकाचं काम शेवटच्या महिन्यात काढलं की हाती लागतात फक्त ढाली आणि पदकं. ती कपाटात दिसतात म्हणून आठवतात. सकाळची घंटा अर्धा तास पुढे गेली, कांजिण्यांमुळे एक वसतिगृह पंधरा दिवस वेगळं ठेवलं, जुन्या सभागृहाचं छप्पर उतरवलं, हे मात्र कुणीच टिपलेलं नसतं. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वसतिगृहाला एक बांधीव वही द्या आणि वरच्या वर्गातला एक नोंदकर्ता नेमा. दर रविवारी पाच-सहा ओळी पुरेत. रोजची सक्ती केली तर महिन्याभरात वही कोरी राहू लागते. रेक्टरांनी महिन्यातून एकदा वाचून सही करावी. मुलांची भाषा सुधारायच्या फंदात पडू नये, तीच पुढे वाचनीय ठरते.

यशाच्या नोंदीत तारीख, ठिकाण, वयोगट, क्रीडा किंवा कलाप्रकार, एकूण स्पर्धक, निकालाचा आकडा आणि मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, हाऊस एवढं हवंच. ‘आंतरशालेय स्पर्धेत तृतीय’ या ओळीला अर्थ नाही; स्पर्धक तीन होते की तीनशे?

जुन्या शाळेत सगळ्यात जास्त घोळ होतो तो विक्रमांचा. जुन्या फलकावरची शर्यत यार्डांत असू शकते. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, त्यामुळे ती वेळ आजच्या 100 मीटरशेजारी ठेवता येत नाही. 440 यार्ड म्हणजे 402.34 मीटर, फरक लहान, तरी शर्यत वेगळीच. शिवाय हातातल्या घड्याळाने घेतलेली वेळ कमी भरते, कारण सुरुवातीच्या पिस्तुलाचा धूर दिसून किंवा आवाज ऐकून बोट दाबेपर्यंत धावपटू निघालेला असतो. 100 आणि 200 मीटरसाठी हातघड्याळाच्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून तुलना करण्याची रूढ रीत आहे, 400 मीटरसाठी 0.14. असं मोजलं नसेल तर दोन्ही आकडे आपापल्या पद्धतीसह छापा आणि ‘विक्रम मोडला’ लिहू नका. ‘शाळेच्या इतिहासात प्रथमच’ हे शब्दही जुने अंक चाळल्याशिवाय वापरू नयेत. वर्षं मोजतानाही हीच काळजी घ्या: 1925 साली सुरू झालेल्या शाळेचं शंभरावं वर्ष 2024 मध्ये लागतं, शंभर वर्षं पूर्ण होतात 2025 मध्ये. मुखपृष्ठावर यातलं काय लिहायचं ते आधीच ठरवा.

गटाच्या फोटोतली नावं त्याच जागी, रांग मोडण्याआधी घ्या. पाटीवर कागद लावून तो रांगेतून डावीकडून उजवीकडे फिरवायचा आणि ज्याने त्याने स्वतःचं नाव लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या यादीत एखादी अदलाबदल हमखास निघते. ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हेही एकदा सांगून ठेवा. मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो मागवला तर तो आकसून येतो. मूळ फाइलच मागा. ए-4 पानभर फोटोला 300 डीपीआयवर (दर इंचाला 300 ठिपके) 2480 × 3508 पिक्सेल लागतात. 1600 पिक्सेलचा फोटो साडेतेरा सेंटीमीटरपलीकडे ताणला की फुटायला लागतो.

मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमधून बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी भटकते. ‘स्पर्धा’, ‘विद्यार्थी’, ‘दुसऱ्या’ हे शब्द आधी तपासा; तिथे गडबड असेल तर बाकीचा मजकूरही बिघडलेला समजा. मुद्रितशोधनाच्या दोन फेऱ्या सगळेच करतात. तिसरी फक्त नावांची करा: यादी प्रवेश नोंदवहीशी ताडा, मग वसतिगृहाच्या फलकावर तीन दिवस लावा आणि प्रत्येकाने आपल्या नावासमोर सही करावी. मुलाचं आजारपण, शिक्षा किंवा शाळा सोडण्याचं कारण नावानिशी छापू नका. अंकाची प्रत इंटरनेटवर टाकायची असेल, तर फोटो आणि नावं यांना पालकांची लेखी संमती वेगळी घ्या.

पानांची संख्या 16 च्या पटीत धरा, म्हणजे छपाईचे फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं) पूर्ण भरतात. मधोमध पिना मारायच्या असतील तर 4 ची पट चालते, पण 96 पानांच्या पुढे अंक फुगतो आणि मिटत नाही. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जादा सोडा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ दिसते.

संग्रहासाठी दहा प्रती वेगळ्या काढून दोऱ्याने शिवून घ्या. लोखंडी पिना दमट हवेत गंजतात आणि मधली पानं आधी सुटतात. जुन्या फोटोंमागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो. चिकटपट्टी तर लावूच नका.