गोव्यात फ्लॅट घेऊन एअरबीएनबीवर टाकताय? आधी या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपला की माझा फोन वाजायला लागतो. पुणे, ठाणे, नाशिक, मध्येच एखादा दुबईवाला. "दादा, शिवोलीत वन बीएचके बघितलाय, ९० लाख म्हणतोय, एअरबीएनबीवर टाकला की ईएमआय सुटेल ना?"

नाही सुटणार. मी म्हापशात राहतो, गोव्याच्या बार्देश तालुक्यात एअरबीएनबीवर, म्हणजे टुरिस्टला रात्रीच्या हिशोबाने घर देण्याच्या ॲपवर, टाकलेले लोकांचे १७ फ्लॅट सांभाळतो, मालक बहुतेक आपलेच मराठी. तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवणार.

सगळ्यात मोठी चूक: शनिवारचा रेट गुणिले ३०

रीलवाला सांगतो रात्रीचे ५ हजार, ३० दिवस, दीड लाख महिना. अरे बाबा, ५ हजार कधी मिळतात? डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि लाँग वीकेंडला. फेब्रुवारीतल्या मंगळवारी साडेतीन, जुलैत १८०० ला पण घासाघीस करतात आणि वर विचारतात ब्रेकफास्ट आहे का.

माझ्याकडच्या बऱ्यापैकी चालणाऱ्या एका वन बीएचकेचा हिशोब देतो. वर्षात १५० रात्री गेल्या, सरासरी ३६०० पडले. म्हणजे ५ लाख ४० हजार. ऐकायला बरं वाटतं ना? आता कापा. सांभाळणाऱ्याचे म्हणजे माझे २० टक्के, १ लाख ८ हजार. लाइट बिल ६० हजार, कारण पाहुणे एसी चालू ठेवून बीचवर जातात. ६० बुकिंगची साफसफाई आणि धुलाई ७०० प्रमाणे ४२ हजार. सोसायटी मेंटेनन्स ४२ हजार. चादरी, गीझर, नळ, पेस्ट कंट्रोल मिळून ५० हजार. उरले २ लाख ३८ हजार. इन्कम टॅक्स यातूनच भरायचा. ९० लाखांवर अडीच टक्क्यांच्या आसपास. ६५ लाखांचं लोन २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं असेल तर हप्ता महिन्याला ५६ हजार, म्हणजे वर्षाला पावणेसात लाख. खड्डा किती पडला तो तुम्हीच मोजा, मला नका विचारू.

आणि हाच फ्लॅट म्हापशात नोकरी करणाऱ्या जोडप्याला २० हजारांनी दिला असता तर मेंटेनन्स कापून वर्षाला १ लाख ९८ हजार हातात. फरक ४० हजारांचा. त्या ४० हजारांसाठी ७-८ लाखांचं फर्निचर आणि रात्री साडेअकराला "वायफाय चालत नाही" हा फोन.

लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. महिना २० हजार भाडं आणणाऱ्या घराला ९० लाख कुठला शहाणा माणूस देईल? बिल्डरने भाव लावताना रात्रीचे ५ हजार धरूनच लावलाय. म्हणजे टुरिस्टकडून पुढची दहा वर्षं जे वसूल करायचं ठरवताय ते बिल्डरने आजच तुमच्याकडून वसूल केलं. २०२३ च्या जानेवारीत मोपाचं विमानतळ सुरू झालं तेव्हापासून तर मोरजी-मांद्रे नुसतं नाव घेतलं तरी भाव ऐकून घाम फुटतो. "तीन वर्षं हमखास भाडं" वाली स्कीम तर विचारूच नका, ते भाडं किमतीत आधीच चढवलेलं असतं, तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याने परत, आणि चौथ्या वर्षी बिल्डर फोन उचलत नाही.

माझी सवय सांगतो. कोणी फ्लॅट दाखवला की मी आधी बाजूच्या किराणावाल्याला विचारतो, इथे कायम राहणारं कुटुंब किती भाडं देतं. तेवढ्या भाड्यावर व्यवहार झेपत असेल तर घ्या, टुरिस्टचे पैसे वरची मलई समजा. झेपत नसेल तर सोडा. यात एक्सेल लागत नाही.

नियम बदलणार नाहीत असं धरून चालणं

बार्सिलोनात काय झालं माहितीये का? तिथल्या महापौरांनी, जाउमे कोलबोनी त्यांचं नाव, जून २०२४ मध्ये सरळ जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ टुरिस्ट फ्लॅटपैकी एकाचंही लायसन्स नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू ठेवणार नाही. कारण काय, तर दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्के वाढली, शहरातल्या लोकांनाच राहायला जागा परवडेना. न्यूयॉर्कने ५ सप्टेंबर २०२३ पासून नियम लावला की ३० दिवसांपेक्षा कमी द्यायचं तर नोंदणी करा, पाहुणे दोनच घ्या आणि मालकाने त्याच घरात राहायचं. हजारो लिस्टिंग गायब झाल्या. इथे उद्या तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण ग्रामसभेत बसून बघा एकदा, पाणी आणि कचऱ्याचा विषय निघाला की बोट कोणाकडे जातं ते. आणि नियम आवळले की आधी उतरते ती ही वर चढवलेली किंमत. विकायला काढाल तेव्हा समोरचाही हाच हिशोब मांडून बसलेला असतो.

साफसफाईला माणूस मिळेल की!

नाही मिळत, आणि का नाही मिळत ते ऐका.

आसगावजवळ एक फ्लॅट आहे माझ्याकडे, मालक कोथरूडचे काका. त्यांनी घेतला तेव्हा आत एक नर्स आणि तिचा नवरा भाड्याने राहायचे. काकांनी दोन महिन्यांची मुदत देऊन काढलं, त्यांचा हक्कच होता, मी काही बोललो नाही. माझा हाऊसकीपिंगचा पोरगा तेव्हा पर्र्याला एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मागच्या खोलीत ६ हजार देऊन राहायचा. भाटकाराने बघितलं की शेजारी रात्रीचे १५०० घेतायत, त्यानेही खोलीला पांढरा रंग मारला, वेताची खुर्ची ठेवली, झाला होमस्टे. पोरगा गेला गावी बांद्याला. आता रोज बॉर्डर ओलांडून बाइकवर तासभर येतो, तासभर जातो.

३० डिसेंबर. काकांच्या फ्लॅटमध्ये ११ ला चेकआऊट, २ ला दिल्लीची फॅमिली चेकइन. पोरगा बॉर्डरवर पत्रादेवीला पंक्चर. दुसरं कोणी मिळेना, त्या दिवसात कोण रिकामं असतं? मी पोचलो साडेबाराला तर सिंकमध्ये खेकड्याच्या नांग्या, बाथरूमच्या जाळीत वाळू, गादीवर वाइन. पँट दुमडून मीच बसलो घासायला. पावणेदोनला दिल्लीवाले बॅगांसकट दारात, आजी जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, गादी अजून ओली, मी हेअर ड्रायरने वाळवतोय. साडेतीनला आत घेतलं. रिव्ह्यू आला एक स्टार, "मॅनेजर ओल्या पँटमध्ये भेटला".

संध्याकाळी काकांचा फोन. रागावून म्हणाले, "अहो तुम्ही जवळपासचा लोकल माणूस का ठेवत नाही?" काय सांगू त्यांना? जवळपास राहणारी माणसं आपणच एकेक करून उठवली. सगळ्या खोल्या टुरिस्टला दिल्या की चादर बदलायला येणारा लांबून येतो, त्याचं पेट्रोल आणि त्याची पंक्चर तुमच्या बिलात येते. आता मी नवीन मालकाला पहिल्याच भेटीत सांगतो, कामवाल्याची खोली हा पण तुमच्या धंद्याचा खर्च आहे. माझ्याकडच्या सात मालकांनी मिळून म्हापशात दोन खोल्या भाड्याने घेतल्यात पोरांसाठी. आठवे काका अजून "बघू" म्हणतायत.

आणि हो, चवथीला, म्हणजे गणपतीत, कामाला कोणीही येत नाही. दुप्पट पैसे द्या, नाही येत, आणि का यावं? मी ते पाच दिवस कॅलेंडर बंदच ठेवतो.

कागद नंतर बघू

नंतर म्हणजे नोटीस आल्यावर. गोव्यात टुरिस्टला घर द्यायचं तर पर्यटन खात्यात नोंदणी लागते, कायदा १९८२ चा आहे, कालचा नाही. पंचायत काय मागते ते घर घेण्याआधी विचारा. फॉरेनचा पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची, मी चावी देण्याआधी पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो घेतो, पाहुणा कितीही गोड बोलू दे. जीएसटी ७५०० पर्यंतच्या रेटवर १२ टक्के होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला, त्याच्या वर १८. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत आणि नोंदणी नसेल तर ॲपवरच्या बुकिंगचा जीएसटी ॲपवालाच भरतो. पुढचं सीएला विचारा, रीलवाल्याला नको.

बंगल्यासाठी प्लॉट घेत असाल तर एक-चौदाचा उतारा (आपल्या सातबारासारखा), झोन आणि सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद) बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. २०२३ पासून गोव्यात शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर कायद्यानेच बंधन आहे. "होऊन जाईल कन्व्हर्जन" म्हणणारा एजंट दिसला की मी चहा पण पीत नाही त्याचा.

पावसाळ्यात कुलूप

जूनमध्ये कुलूप लावून ऑक्टोबरमध्ये उघडलं की कपाटात हिरवं मखमली कापड अंथरल्यासारखी बुरशी. रूम फ्रेशनर मारून ती जात नाही, वास उलट दुप्पट होतो. मी गाद्या उभ्या करून ठेवतो, कपाटाच्या दारात लाकडाचा तुकडा अडकवतो आणि दर चौथ्या दिवशी माणूस पाठवून खिडक्या उघडतो, पंखे दोन तास चालवतो. डीह्युमिडिफायर चांगला, पण लाइट गेली की त्याचा डबा होतो.

बाकी किरकोळ. वाइड अँगलने बाल्कनी मैदानाएवढी दाखवू नका, माणूस दारातच भांडण घेऊन उभा राहतो. पांढरा सोफा नको. सोसायटीच्या सेक्रेटरीला पहिल्या दिवशी भेटा, पहिल्या तक्रारीनंतर नाही. एका रात्रीचं बुकिंग घेऊ नका, त्यात पार्टीवालेच येतात. आणि बुकिंग आलं नाही म्हणून दर दोन तासांनी रेट उतरवणारे मालक, प्लीज, ॲपचा पासवर्ड मला द्या आणि झोपा.