आपल्या माणसाला वाचवताना समोरचा मेला: खुनाच्या खटल्यात हा बचाव कसा उभा करायचा

अशा घटनेत पोलीस बहुधा खुनाचाच गुन्हा नोंदवतात, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. त्यावरचा बचाव त्याच संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या दंड संहितेची कलमं ९६ ते १०६ लागतात.

एक समज आधी दूर करायला हवा. या कलमांत नात्याला वेगळा मान नाही. कलम ३५ स्वतःच्या आणि दुसऱ्या कोणाच्याही शरीराचं रक्षण करण्याचा हक्क देतं. जिला वाचवलं ती बहीण होती की शेजारीण, याने हक्क वाढत नाही की घटत नाही. कोर्ट विचारतं ते एवढंच, की वार झाला त्या क्षणी तिच्यावर नेमकं काय ओढवलं होतं?

हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करण्याची मुभा कलम ३८ मधल्या सात प्रसंगांतच आहे: मृत्यूची वाजवी भीती, जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, पोलिसांपर्यंत पोचताच येणार नाही असं डांबून ठेवणं आणि अ‍ॅसिड हल्ला. शिवीगाळ किंवा एखादी थप्पड यात बसत नाही. म्हणून वकिलाशी पहिल्याच बैठकीत ठरवा, आपला प्रसंग सातांपैकी कोणता. हे न ठरवता लढलेला बचाव पुढे भरकटतो.

विश्वनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश (एआयआर या निकालसंग्रहात १९६०, सुप्रीम कोर्ट, पान ६७) हा निकाल जरूर वाचा. बहीण नवऱ्याकडे जायला तयार नव्हती. तो तिला ओढून नेऊ लागला, तिने दार धरून ठेवलं, तरी तो खेचतच होता. भावाने खिशातल्या चाकूने एकच वार केला आणि तो काळजात गेला. बळजबरीने ओढून नेणं हे अपहरणात येतं, आणि तशा घाईत वार मोजूनमापून करता येत नाही, असं म्हणून कोर्टाने भावाला निर्दोष सोडलं. वार एकच होता, हे इथे फार मोलाचं ठरलं. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब (२०१०) मध्ये वडिलांवरचा हल्ला पाहून मुलाने गोळी झाडली होती. तोही सुटला. या हक्काची दहा तत्त्वं त्या निकालात एका जागी मिळतात.

खटला खरा ठरतो तो पहिल्या दोन दिवसांत. वाचवलेल्या माणसाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या आणि एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणासाठीची जखमांची वैद्यकीय नोंद, करून घ्या. ओरखडा, सूज, गळ्यावरचे बोटांचे वळ, सगळं मापासह लिहून घ्या. अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम ५३ खाली होते. तिथे प्रत्येक जखम दाखवा आणि अहवालाची प्रत मागा, ती मिळण्याचा हक्क आहे. आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाला देता आला नाही, तर त्यांच्या साक्षीदारांवर संशय येतो (लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार, १९७६). किरकोळ खरचटण्याला मात्र तेवढं वजन मिळत नाही. फाटलेले, रक्ताळलेले कपडे धुऊ नका. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, तेव्हा ते लगेच काढून घ्या आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

हल्लेखोराविरुद्धची उलट फिर्याद शक्यतो वाचवलेल्या माणसाने द्यावी. आरोपीने स्वतः पोलिसांत दिलेल्या फिर्यादीत कबुली असेल, तर ती कबुली पुराव्यात वापरता येत नाही आणि तिच्यासोबत हल्ल्याची हकिगतही वाया जाण्याची भीती असते. ठाण्यात नोंदवून घेतली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा.

कोर्टात हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो (साक्ष अधिनियम, कलम १०८), पण सरकार पक्षासारखं संशयापलीकडे नव्हे. तसं घडलं असण्याचा संभव जास्त, एवढं दिसलं तरी पुरतं. त्याची सुरुवात सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासापासूनच करायची. ‘मयताच्या हातात कोयता होता’, ‘तो तिच्या छातीवर बसला होता’ हे त्यांच्या तोंडावर ठेवलं नाही, तर पुढे ते सुचलेलं शहाणपण वाटतं. मग कोर्ट आरोपीला प्रश्न विचारतं त्या जबाबात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५१) तेच लेखी द्या आणि त्याच संहितेच्या कलम २५६ खाली वाचवलेल्या माणसाला साक्षीला उभं करा.

असे बचाव बुडतात ते बहुतेक दोन कारणांनी. एक, ‘मी तिथे नव्हतोच’ असं आधी सांगून नंतर बचावाकडे वळणं. कायद्यात त्याला बंदी नाही, पण विश्वास उडतो. दुसरं, पाठलाग. न्याय संहितेच्या कलम ४० प्रमाणे भीती संपली की हक्क संपतो. हल्लेखोर पळाला किंवा त्याचं हत्यार हिसकावलं, तिथे थांबायलाच हवं. शवविच्छेदन अहवालात वार पाठीवर असतील किंवा पडल्यावर केलेले दिसत असतील, तर तोंडी साक्ष कितीही चांगली असो, निभाव लागणं कठीण. पोलीस बोलवायला पुरेसा वेळ होता का, हेही कलम ३७ खाली तपासलं जातं. मात्र हल्ला अंगावर आलेला असताना पळून जा, असं कायदा सांगत नाही.

मर्यादा ओलांडली गेली असेल तरी सगळं संपत नाही. चांगल्या हेतूने, आधी न ठरवता, गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा इरादा नसताना ती ओलांडली असेल, तर न्याय संहितेच्या कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाने खुनाचा सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा सौम्य गुन्हा, होतो. मग कलम १०५ प्रमाणे जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, आणि मारण्याचा हेतू नसून फक्त जाणीव असल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा. अंतिम युक्तिवादात ही पर्यायी मागणी लेखी द्यायला विसरू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० ला फोन करा. कोठडीतल्या माणसाचं उत्पन्न तिथे पाहिलं जात नाही.